खोडवहीतलं नख

सोमवारी सकाळी सव्वाअकराला स्कॅनरपाशी बसलेली भाचेसून म्हणाली, "आत्या, नख."

एवढंच म्हणाली, तेही मान न वळवता. पण मागच्या खोलीच्या दारात फिक्सरची बाटली घेऊन उभ्या असलेल्या आत्याने बाटली तिथेच खाली ठेवली.

"कितव्या फोटोवर?"

"चौदाव्या. थांबा हं... पंधराव्याच्या कडेलाही अर्धं आहे."

या दुकानात नख म्हणजे बोटाचं नख नव्हे. फोटोच्या कडेला मध्येच एक पांढरी बारीक कोर उमटते, नेलकटरने कापून टाकलेल्या नखाएवढी. बिघाड कॅमेऱ्याचा नसतो, औषधाचाही नसतो. रोल धुण्याआधी काळोखात तो एका स्टीलच्या रिळावर चढवावा लागतो. फिल्म अंगठा आणि बोटाच्या चिमटीत किंचित कमानीसारखी वाकवायची आणि रिळाच्या खाचांमधून आतून बाहेर गुंडाळत न्यायची. चिमूट जरा जास्त आवळली गेली की फिल्मला बारीकशी घडी पडते. ती घडी पुढे कशानेही जात नाही. धुतल्यावर, सुकल्यावर, स्कॅन केल्यावर ती कोणाच्या तरी गालावर किंवा आकाशात नखासारखी दिसत राहते. हे नाव दादाने ठेवलं होतं, पस्तीसेक वर्षांपूर्वी. पुस्तकात तिला दुसरं काही म्हणत असतील, पण या घरात नख म्हटलं की कोणाच्या तरी हाताची चूक, एवढं सगळ्यांना कळायचं.

आणि गेल्या पंधरा दिवसांतलं हे तिसरं नख होतं. तिन्ही रोल आत्याने चढवलेले होते.

आत्या दादाची धाकटी बहीण. तेविसाव्या वर्षी परीक्षेचा निकाल लागेपर्यंत भावाच्या स्टुडिओत मदत करायला म्हणून आली आणि अडतीस वर्षं राहिली. दादा काढायचा, ही धुवायची. दुसऱ्यांच्या लग्नांचे रोल धुता धुता स्वतःचं लग्न राहून गेलं, असं ती हसत हसत सांगायची. दादाचा मुलगा, म्हणजे आता दुकान सांभाळणारा तिचा भाचा, लहानपणी काउंटरवर चढून "आत्याऽऽ" म्हणून हाका मारायचा. ते ऐकून गिऱ्हाइकंही तिला आत्याच म्हणू लागली, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी होती ती सुद्धा. मध्यंतरी सगळं जग डिजिटल झालं तेव्हा डार्करूमला कुलूप लागायची वेळ आली होती. मग कॉलेजातली मुलं, एक दातांचा डॉक्टर, एक बँकेतला साहेब अशी हौशी मंडळी पुन्हा जुने कॅमेरे शोधून काढू लागली आणि आत्याची खोली पुन्हा ओली झाली.

तिच्या टेबलावर एक जाड पुठ्ठ्याची वही असे. तिला सगळे खोडवही म्हणत. चार रकाने: तारीख, खोड, कारण, कोणाची. रोल कोरा, पण काठावरचे आकडे स्पष्ट, म्हणजे फिल्म कॅमेऱ्यात सरकलीच नाही, कोणाची: गिऱ्हाइकाची. रोल कोरा आणि आकडेही नाहीत, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या आधी ते पक्कं करणारा फिक्सर ओतला, कोणाची: हाताची. सगळ्या फोटोंत एकाच जागी रेघ, स्कॅनरच्या काचेची. काठापासून आत शिरलेला उजेडाचा पट्टा. म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाचा, उजेड अडवणारा स्पंज कुजलेला. अडतीस वर्षांच्या सात वह्यांत 'हात' हा शब्द एकोणीस वेळा आला होता. त्यातले दोन आत्याचे, दोन्ही पहिल्या वर्षातले. उरलेले सतरा भाच्याचे, आणि ते ती त्याला आजही तोंडपाठ म्हणून दाखवायची.

पहिल्या नखाला तिने कारण लिहिलं होतं, 'गिऱ्हाइकाचा कॅमेरा, फिल्म आत अडकली असावी'. दुसऱ्याला, 'फिल्म जुनी, कडक'. आज तिने पेन उचललं, ठेवलं आणि पेन्सिलने लिहिलं, 'कारण: बघते'. चौथा रकाना मोकळाच सोडला.

हे सगळं एरवी तिने हसण्यावारी नेलं असतं. पण तिच्या टेबलाच्या खणात, रुमालात गुंडाळलेला, दादाचा रोल होता.

दादाची नजर तीन वर्षांपासून जात होती. मधोमध एक डाग आला आणि तो पसरत गेला. आता त्याला खिडकी कुठे आहे ते कळे, खिडकीत कोण आहे ते कळत नसे. थोडं दिसत होतं तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने कॅमेऱ्यात एक शेवटचा रोल भरला होता आणि चौदा महिने तो पुरवून पुरवून वापरला होता. छत्तीस फोटो. छत्तिसावा काढला, रोल गुंडाळला आणि सुनेच्या हाती खाली पाठवला. सोबत निरोप: आत्यानेच धुवायचा, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मी रविवारी ऐकायला बसतो.

"ऐकायला?" आत्याने वर जाऊन विचारलं होतं.

"मग काय बघायला बसू?" दादा म्हणाला. "तू फोटो हातात धरायचास आणि सांगायचंस. काय आलंय, काय गेलंय. खोटं सांगितलंस तर मला कळेल."

तो रविवार तिने औषध संपलंय म्हणून ढकलला. आता दुसरा येत होता. रोल एकच. पुन्हा काढायची सोय नाही, कारण काढणाऱ्याचे डोळे राहिले नव्हते. भाच्याला चढवायला सांगावं, तर आधी का ते सांगायला हवं.

मंगळवारी आत्या दुकान उघडायच्या आधीच आली. तिन्ही थर्मामीटर एका पातेल्यातल्या पाण्यात बुडवून ताडून पाहिले. तिन्ही एकच आकडा सांगत होते. मग तिने सगळी रिळं गरम पाण्यात घालून दात घासायच्या ब्रशने खाच न् खाच घासली, पुसली आणि एकेक टेबलावर गडगडवत सोडली. वाकडं रीळ डुगडुगतं. एखादं तरी वाकडं निघावं म्हणून ती टेबलाला डोळा लावून बसली होती. बाराही रिळं सरळ गेली आणि पलीकडे भिंतीला टेकली.

दुपारी ती जेवायला घरी गेली. तिचं घर पलीकडच्या गल्लीत, दहा मिनिटांवर. अर्ध्या वाटेवर तिला वाटलं खणाला कुलूप लावलं नाही, म्हणून परत आली. कुलूप लावलेलं होतं. पुन्हा निघाली तेव्हा भूक मेली होती, म्हणून कोपऱ्यापासूनच वळली.

"काय आत्या, आज शतपावली रस्त्यावर?" भाच्याने काउंटरवरून विचारलं.

"तू तुझं बघ. तुझ्या त्या पासपोर्ट फोटोतल्या माणसाचा एक कान वर आलाय."

"त्याचा कानच वर आहे गं."

"मग त्याला मान वाकडी करायला सांगायचं! शिकवलं ना मी?"

बुधवारी गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी मोठ्या उत्साहाने सहलीला नेलेल्या कॅमेऱ्याचा रोल आत्याने आदल्या दिवशी धुतला होता आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पारदर्शक निघाला होता.

"काहीच नाही?" बाईंचा आवाज पट्टीच्या वर गेला. "अहो, छत्तीस फोटो काढलेत मी! तुमचं औषधच फिकं असणार."

आत्याने पट्टी उजेडात धरली. "हे काठावरचे आकडे दिसतात? एक, एक-अ, दोन... किती ठळक आहेत बघा. हे कारखान्यात छापलेले. औषध फिकं असतं तर हेही उमटले नसते. बाई, रोल भरताना फिल्मची जीभ चाकात अडकली नाही. तुम्ही छत्तीस वेळा बटण दाबलंत, पण फिल्म आपल्या जागी झोपून होती."

"मग मला कळणार कसं?"

"डाव्या हाताची गुंडाळायची चावी बघायची. पुढचा फोटो ओढताना ती फिरली पाहिजे. नाही फिरली तर थांबायचं." आत्याने त्यांच्याच कॅमेऱ्यात नवा रोल भरून दाखवला. "हं, फिरवा. फिरतेय?"

"फिरतेय."

"झालं तर. यंत्र खोटं बोलत नाही, बाई. हातच खोटं बोलतात."

बाई हसत गेल्या. आत्या मात्र आपण काय बोलून बसलो म्हणून काउंटरपाशीच उभी राहिली. कॅमेऱ्याचं झाकण लावताना 'टक' असा आवाज झाला तो तिने ऐकला होता. अंगठ्याला काहीच जाणवलं नव्हतं.

गुरुवारी तिने दुकानाचं मधलं दार लोटून घेतलं आणि मुदत संपलेला एक रोल सरावासाठी मोडीत काढला. खिडकीपाशी, स्वच्छ उजेडात, तो पाच वेळा रिळावर चढवला आणि पाच वेळा उतरवला. एक घडी नाही. जीव थोडा खाली बसला. मग ती आतल्या खोलीत गेली, दिवा मालवला आणि तेच पुन्हा केलं. पहिल्यांदा नीट. दुसऱ्यांदा नीट. तिसऱ्यांदा काळोखात बारीकसा 'टिक' झाला, सुकलेलं पान मोडावं तसा. दिवा लावून पाहिलं तर फिल्मच्या कडेला नख, आणि चौथ्यांदा चढवल्यावर आणखी एक.

उजेडात तिचे डोळे हातांना सांभाळून घेत होते. काळोखात हात एकटे पडत होते.

तिने गळ्याजवळची टाचणी काढून उजव्या अंगठ्याच्या पेराला टोचली. मग तर्जनीला. तर्जनीने लगेच तक्रार केली. अंगठा होता, पण त्याची खबर नव्हती. तिने जोरात टोचलं तेव्हा रक्ताचा ठिपका आला, दुखणं आलं नाही. मग एकेक आठवू लागलं. ब्लाउजचं वरचं हुक हल्ली लागत नाही. किल्ली कुलपात दोनदा फिरवावी लागते. गेल्या महिन्यात चहाचा पेला सुनेच्या हातात दिला तेव्हा ती "आई गं, केवढा कढत!" म्हणून ओरडली होती आणि आत्याने तिला नाजूक म्हणून चिडवलं होतं.

शुक्रवारी दुपारी ती दादाकडे वर गेली. दादाचं घर दुकानाच्या डोक्यावरच, बावीस पायऱ्या. औषधाची बाटली फुटली, आणखी एक आठवडा जाईल, असं सांगायचं तिने पायऱ्यांवर पाठ केलं होतं. दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता. समोर स्टूल, स्टुलावर रेडिओ, रेडिओ बंद.

"तूच ना? दोन-दोन पायऱ्या चढलीस. काय मागे लागलंय?"

"काही नाही रे." चेहरा पुसायला तिने एप्रनच्या खिशातून रुमाल ओढला आणि रुमालाबरोबर सरावाच्या फिल्मचा तुकडा बाहेर येऊन थेट दादाच्या मांडीवर पडला.

दादाने तो उचलला, काठांनी धरून, जसा धरायचा असतो तसा. मग डाव्या हाताच्या दोन बोटांतून हळूच ओढत नेला. एके ठिकाणी बोटं थांबली. मागे गेली. पुन्हा पुढे आली.

"नख आहे. इथे एक. आणि हे, वीतभर पुढे, दुसरं." त्याचा आवाज एकदम कामातला झाला. "कोणी चढवलीय?"

नेमका तेव्हाच भाचा जिना चढून आत आला. आत्याच्या तोंडून निघून गेलं, "याने."

दादाने तोंडाचा पट्टा सोडला. "अरे गधड्या, चाळिशी आली तुझी! चिमटीत धरायची म्हणजे काय लिंबू पिळायचं? लोक विश्वासाने रोल आणून देतात. तुझी आत्या अडतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून... काळोखात तेल घालून म्हण हवं तर... आणि तू?"

भाच्याने तुकड्याकडे पाहिलं. मग आत्याच्या एप्रनच्या उलट्या बाहेर आलेल्या खिशाकडे. सहा महिन्यांत त्याने एकही रोल चढवला नव्हता, हे त्या खोलीतल्या दोघांना माहीत होतं.

"चुकलं, बाबा," तो म्हणाला. "पुन्हा नाही होणार."

जिन्यात त्याने आत्याला गाठलं. "आत्या, तुला बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली आणि त्याच्या पुढून निघून गेली.

शनिवारी तीन रोल धुवायला होते. तिने एकालाही हात लावला नाही. आधी बाटल्यांवरची लेबलं बदलली. मग गळका नळ घट्ट केला, तो आणखी गळू लागला. मग सुनेच्या मागे जाऊन उभी राहिली, स्कॅनरच्या काचेवर धूळ आहे म्हणाली, स्वतःच पुसली आणि पुसलेल्या फडक्याचे तंतू काचेवर ठेवून गेली.

"आत्या, बसा ना जरा," सून म्हणाली.

"बसून काय अंडी उबवू?"

सुनेने काच पुन्हा पुसली. मग खुर्ची फिरवून म्हणाली, "तीन नाहीत. पाच आहेत."

"काय पाच?"

"नखं. तुम्ही पहिलं लिहिलंत ना, त्याच्याआधी दोन येऊन गेली होती. मी कॉम्प्युटरवर पुसून टाकली. मला वाटलं, एखाद्या वेळी होतं." तिचा आवाज खाली आला. "काल हे जेवले नाहीत नीट. काय झालं ते सांगत नाहीत. पण मी रोज बघते आत्या, मोठं करून करून बघते. तुम्ही नुसतं सांगायचं होतं."

या खुर्चीवर बसून आपली चूक कोणी पुसत होतं आणि आपण ताठ्यात गिऱ्हाइकांच्या चुका लिहीत होतो, हे आत्याला टाचणीपेक्षा खोल टोचलं. अंगठ्याला नसेल लागलं, पण हे लागलं.

ती टेबलाशी आली. खोडवही उघडली. पेन्सिलीची ओळ खोडली नाही, तिच्यावरूनच शाईने लिहिलं. आधीच्या दोन खोट्या कारणांवर काट मारली. सुनेला तारखा विचारून तिने पुसलेली दोन नखंही नोंदवली. मग पाचही ओळींच्या चौथ्या रकान्यात लिहिलं, 'हात. माझा.' पेन धरतानाही अंगठा कुठे आहे ते तिला बघूनच कळत होतं.

वही घेऊन ती आधी काउंटरवर गेली.

भाच्याने पानावर नजर टाकली. मान हलवली. "हे काल वर बोलली असतीस तर ते लिंबाचं बोलणं तू खाल्लं असतंस."

"शिव्या दे हवं तर."

"देईन. आधी डॉक्टरकडे जाऊ. मंगळवारी. मी येतो." मग जरा थांबून, "सतराचे अठरा तर नाही ना केलेस माझ्या नावावर?"

"गप रे," ती म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते, म्हणून ती तशीच जिन्याकडे वळली.

दादाने सगळं ऐकून घेतलं. 

"म्हणजे पोराला मी फुकट झापलं."

"हो."

"आणि तू शेजारी उभी होतीस."

"हो."

खाली रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं. दादाने त्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"तुझा रोल त्यालाच चढवू दे," आत्या म्हणाली. "त्याचा हात आता चांगला आहे. मी उगाच त्याला..."

"नाही."

"अरे, मग कोण? माझ्या हातात देऊ नकोस दादा, पाया पडते. मला झोप नाही त्याने."

"रोल चढवायचा कुठे असतो?"

"कुठे म्हणजे? आतल्या खोलीत."

"दिवा लावून?"

"काहीतरीच काय! काळोखात."

"मग झालं," दादा म्हणाला. "मला हल्ली दुसरं काय असतं?"

"नऊ वर्षं झाली तुला रीळ धरून!"

"काल त्या तुकड्यावरच्या घड्या कोणी शोधल्या? तू दाखवल्यास?"

रविवारी सकाळी दहाला तो मुलाच्या खांद्यावर हात ठेवून बावीस पायऱ्या उतरला, मोठ्याने मोजत. दुकानाला सुट्टी होती. काउंटरवर त्याला सरावाचा, मोडीतला रोल आणि रीळ दिलं. पहिल्यांदा फिल्म दोन खाचा सोडून गेली. दुसऱ्यांदा एक वेटोळं दुसऱ्याला चिकटलं. तशीच धुतली असती तर तिथे औषध न पोचता डाग राहिला असता. तिसऱ्यांदा तो चिडला, चौथ्यांदा सुनेवर चिडला, कारण ती श्वास रोखून बघत होती आणि त्याला ते ऐकू येत होतं. पाचव्यांदा बसली. सहाव्यांदाही.

मग दादा आणि आत्या आत गेले. दार लागलं, पडदा सरकला, दिवा गेला.

आत्याला या काळोखाची अडतीस वर्षांची सवय होती, पण आज तिला कुठे उभं राहावं सुचेना. दादाने फिल्मची डबी उघडली, तिचं झाकण टेबलावर गोल फिरून थांबलं.

"बोलत राहा," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. गप्प बसलीस की वाटतं, तू बघतेयस."

"मला तरी काय दिसतंय इथे!"

"हेच तर. आज बरोबरीत आलो." फिल्मचा सर्र आवाज आला, मग थांबला. "घामाने बोटांतून निसटतेय गं."

"थांब मग. खाली ठेव."

"आता खाली ठेवली तर सुटेल. तू बोल."

तिने खोडवही म्हणायला सुरुवात केली. पहिल्या वहीतलं पहिलं पान तिला पाठ होतं. रोल कोरा, आकडे आहेत. गोल ठिपके, धुताना टाकी आपटली नाही. फिल्म जांभळट, फिक्सर थकलेला. ती म्हणत गेली, मध्ये मध्ये फिल्म सर्र करत गेली, आणि प्रत्येक सर्रच्या मागून 'टिक' येतो का म्हणून तिचे कान इतके ताणले होते की आपण काय म्हणतोय ते तिला कळत नव्हतं. डावा हात उजव्या अंगठ्याला दाबत होता, जागा हो, जागा हो म्हणत असल्यासारखा.

"बसली," दादा म्हणाला. "टाकी दे. झाकण."

उजेडबंद टाकीचं झाकण घट्ट बसल्यावर दिवा लावला तेव्हा दादा घामाने डबडबला होता आणि भिंतीकडे तोंड करून हसत होता.

पुढचं आत्याचं. वीस अंश, साडेनऊ मिनिटं, दर मिनिटाला टाकी उलटीसुलटी, आणि बुडबुडे निघावेत म्हणून टेबलावर एक टपली. दादा बाहेरच्या घड्याळाची टिकटिक मोजत तिच्याआधीच "उलट" म्हणायचा. मग फिक्सर. मग पाणी. मग तिने टाकी उघडली, ओली फिल्म रिळावरून सोडवून दिव्यासमोर धरली आणि वरपासून खालपर्यंत काठ न्याहाळला. एकदा. पुन्हा एकदा.

"नख?" दादाने विचारलं.

"एकही नाही."

"शपथ?"

"वहीची शपथ."

त्याने खुर्ची चाचपली आणि बसला. "हं. आता सांग."

दुपारी, फिल्म सुकल्यावर, सुनेने एकेक फोटो पडद्यावर मोठा केला, आणि आत्याने सांगितलं. पहिले आठ स्वच्छ होते. खिडकीतली बादली, जिन्याचा कठडा, कात्री धरलेली सून. नवव्यापासून नजर सुटत गेली होती. माणसाच्या जागी मागची भिंत स्पष्ट आणि माणूस धुरकट. तेराव्यात आत्या पाठमोरी, डार्करूमच्या दारात, अर्धं डोकं कापलेलं. अठराव्यात नुसतं आकाश आणि कोपऱ्यात दादाचंच बोट. तिने काही झाकलं नाही. धूसर आहे तिथे धूसर म्हणाली. बोट आहे तिथे बोट. त्याचा चेहरा एकदोनदा पडला, तरी ती थांबली नाही, कारण तिला आता थांबता येत नव्हतं.

"वीस, एकवीस, बावीस?"

"पांढरे फटक. काठापासून उजेड शिरलाय."

"झाकण उघडलं होतं मी. रोल संपला असं वाटलं. लगेच बंद केलं." तो खजील हसला. "इतके महिने सांगितलं नाही कोणाला."

"घराण्याचीच खोड," भाचा म्हणाला. सून खाली बघून हसली.

सव्विसावा हललेला होता. तिसाव्यानंतरचे फोटो जवळजवळ सगळेच तिरपे होते, पण उजेड प्रत्येकात बरोबर पडला होता, हेही आत्याने सांगितलं. उजेड तो अजून ओळखत होता. शेवटच्यात खिडकी होती, फक्त खिडकी, आणि ती कशी कोण जाणे, काटेकोर स्पष्ट आली होती.

दादाने खुर्ची आत्याच्या बाजूला वळवली. मग म्हणाला, "वही आणलीस?"

"आणलीय."

"माझ्या रोलची ओळ घातलीस?"

"घातली."

"चौथ्या रकान्यात काय?"

आत्याने अंगठा वहीच्या पुठ्ठ्यावर दाबला. काही कळलं नाही; मंगळवारी डॉक्टरकडे बघू. "डोळे," ती म्हणाली. "या वहीत पहिल्यांदाच लिहिला तो शब्द."

"सगळ्यांना?"

"शेवटचा सोडून नवव्यापासून पुढे सगळ्यांना."

"सव्विसाव्याला नको लिहूस," दादा म्हणाला. "त्या दिवशी ऊन होतं, मला बऱ्यापैकी दिसत होतं. तिथे मी घाई केली. तिथे हात लिही. आणि कालचे राहिलेले ते तीन रोल उद्या मला विचारल्याशिवाय चढवू नका."